कसोटीचा झगा

“मास्तर, अहो मास्तर! ते मशीन बंद करा आणि आधी वर या!”

हाकेपाठोपाठ काठीचे दोन ठोके दुकानाच्या छतावर पडले. मास्तरांनी पाय थांबवला, सुई कापडातच राहू दिली आणि क्षणभर ते तसेच बसून राहिले. वर काय झाले आहे हे त्यांना ठाऊक होते. ठाऊक असलेल्या गोष्टीचे आश्चर्य चेहऱ्यावर आणायला त्यांना तेवढा क्षण हवा होता.

जिना अरुंद होता आणि मध्यावर वळत होता. खाली शिंप्याचे दुकान, वर दोन खोल्यांचे घर; धंद्याला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही, असे मास्तर एके काळी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. गेली दोन वर्षे हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते.

वर त्यांची बायको आरशासमोर उभी होती. अंगात राखाडी रंगाचा, समोर बटणांचा, कमरेत बसता झगा. एका हाताने तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती आणि दुसऱ्या हाताची बोटे कमरेपाशी कापडाच्या आत सारली होती.

“बघा. दोन बोटं जातात. गेल्या रविवारी नख शिरत नव्हतं.”

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, कापड चाचपले आणि गिऱ्हाइकासमोर करतात तसा गंभीर चेहरा केला. “खरंच की.”

“नुसतं खरंच की? दुसऱ्या कोणाची बायको असते तर म्हणाला असतात, वा, काय फिटिंग बसलंय!”

“फिटिंग कुठलं आता? ढगळ झालाय.”

“हां! म्हणा परत.”

“ढगळ झालाय, बाईसाहेब.”

बाईसाहेब हे नाव मास्तरांनीच लग्नानंतरच्या पहिल्या भांडणात टोमणा म्हणून वापरले होते. भांडण मिटले, टोमणा बोथट झाला आणि नाव तेवढे उरले. पुढे गिऱ्हाइकेही त्याच नावाने हाक मारू लागली. आज बाईसाहेब त्या नावाला ओ देऊन मनापासून हसल्या, खुर्चीत बसल्या आणि समोरचे उकडलेले अंडे चमच्याने बारीक करून, एक घास आणि मग बराच वेळ काही नाही, अशा डॉक्टरांनी शिकवलेल्या रीतीने खाऊ लागल्या. मास्तर अंडे संपेपर्यंत दारात उभे राहिले. संपल्यावरच ते खाली गेले.

शुक्रवारी दुपारी बाईसाहेबांचा डोळा लागलेला असताना तो झगा त्यांनीच खाली नेला होता. दोन्ही बगलांखालची शिवण ब्लेडने उसवली होती, अर्धे बोट बाहेरून नवी टीप मारली होती आणि जुन्या टीपेची बारीक भोके ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून बुजवली होती. खोटे बोलायला माणसाला जीभ लागते, अशी त्यांची आजवरची समजूत होती. ते काम दोऱ्यानेही होते, आणि जिभेपेक्षा सफाईने होते, हे त्यांना साठीच्या घरात आल्यावर कळले.

मूळ दुखणे गुडघ्यांचे. बाईसाहेब काजे करीत. कोटाची काजे, हाताने, अशी की गिऱ्हाईक बटण लावण्याआधी ती उलटून बघे. त्या खाली दुकानात बसत आणि रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाशी बोलत. मग गुडघे झिजले, वजन वाढले, वजनाने गुडघे आणखी झिजले, आणि एके दिवशी जिन्याच्या वळणावर त्यांचे पाय थिजले ते थिजलेच. तेव्हापासून काजांचे कपडे वर जात आणि काजे होऊन खाली येत. बाईसाहेब तेवढ्या वर राहत. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघे बदलायचे कबूल केले होते, पण अटीवर. “आधी वजन उतरवा, मग माझ्याकडे या. एवढ्या भाराखाली नवे गुडघेही टिकायचे नाहीत.” उपास झाले, औषधे झाली. शेवटी पोटाचे ऑपरेशन झाले. जठराचा मोठा भाग काढून टाकला आणि अंगठ्याएवढ्या रुंदीची एक नळी तेवढी ठेवली. आता वजन उतरणार, गुडघे होणार आणि बाईसाहेब जिना उतरून दुकानात येणार, असा तो सरळ हिशेब होता.

पहिले तीन महिने तो बरोबर ठरला. वजन इतके झरझर उतरले की बाईसाहेब दिवसातून तीनतीनदा काट्यावर चढू लागल्या. पाणी प्यायच्या आधी, पाणी प्यायल्यावर, आणि काही न करता. काटा खाली सरकला की दिवस सोन्याचा, तसूभर वर गेला की रडारड. तेव्हा इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ मुलीने सांगितले, “काकू, तो काटा घरातून काढून टाका बघू. एक कपडा ठरवा, अंगाबरोबर बसणारा. आठवड्यातून एकदाच घालायचा. शरीर काय म्हणतंय ते कपडा सांगेल.” मास्तरांनी काटा भंगारवाल्याला देऊन टाकला आणि कसोटीचा कपडा स्वतः शिवला. शिवताना दोन्ही बाजूंना आत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, राखली. का, असे कोणी विचारले असते तर हाताची सवय, एवढेच ते म्हणाले असते. बारीक होत जाणाऱ्या माणसाच्या कपड्यात आत एवढे कापड कशाला, हा प्रश्न तेव्हा कोणालाच पडला नाही.

चौथ्या महिन्यात झगा थांबला.

एक रविवार गेला, दुसरा गेला. बटणे लागत, पण जशी मागच्या खेपेला लागली तशीच. तिसऱ्या रविवारी बाईसाहेबांनी श्वास आत ओढून पाहिला आणि श्वास ओढून काही साधत नाही हे त्यांच्याच लक्षात येऊन त्या पलंगावर बसल्या. त्यांचे झाले त्याच दिवशी शेजारच्या खाटेवरच्या, बसमध्ये कंडक्टर असलेल्या एका बाईचे ऑपरेशन झाले होते. तिचे फोटो फोनवर येत. प्रत्येक फोटोत ती आधीच्या फोटोतून निसटून बाहेर आल्यासारखी दिसे.

“ही बघा. आता म्हणे गर्दीतून सरळ पुढच्या दारापर्यंत जाते, आडवं व्हावं लागत नाही. आणि मी? पलंगापासून मोरीपर्यंत.”

“प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. ती मुलगी म्हणाली ना, मध्ये थांबतं, मग परत उतरतं.”

“तिचं काय जातं म्हणायला? पोट कापून दिलं, मास्तर. आता आणखी काय कापून देऊ?”

त्या आठवड्यात बाईसाहेबांनी खाणे सोडले. आधीच चार चमच्यांचे जेवण, ते दोन चमच्यांवर आले, मग नुसत्या पाण्यावर. आहारतज्ज्ञ मुलीने फोनवर बजावले की असे केल्याने वजन उतरत नाही, उलट अंगातली ताकद तेवढी उतरते. ती उतरत असलेली मास्तरांना फोनशिवायही दिसत होती. उशीवर केस सापडत. एका सकाळी बाईसाहेबांच्या हातातून सुई गळून पडली आणि ती उचलून द्या, एवढेही त्या म्हणाल्या नाहीत. मास्तरांनी विनवणी केली, रागावून पाहिले, चमचा तोंडाशी नेला. तोंड मिटलेले. मग त्या शुक्रवारी, दुसरे काहीच सुचेना म्हणून, जे काम त्यांना सर्वांत चांगले येत होते ते त्यांनी केले.

आणि रविवारी बाईसाहेब जेवल्या.

या कृत्याच्या बाजूने मास्तरांपाशी भक्कम युक्तिवाद होता आणि मशीनवर बसल्या बसल्या ते तो स्वतःशी पुन्हा पुन्हा मांडीत. एक, झगा सैल झाल्याने कोणाचे नुकसान झाले नाही. दोन, त्यामुळे माणूस अन्नाला लागला, आणि अन्नाला लागला तरच वजन पुन्हा उतरू लागणार, असे खुद्द इस्पितळाचे म्हणणे. म्हणजे आज जे खोटे आहे ते महिन्याभरात आपोआप खरे होणार. मग तेवढी टीप आत घेतली की कोणाला काही कळायचे कारण नाही. युक्तिवादात उणीव एवढीच होती की शरीराने तो ऐकला नव्हता. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ते जिथे थांबले होते तिथेच थांबून राहिले. मास्तर मात्र थांबू शकत नव्हते. एकदा सैल झालेला झगा पुढच्या रविवारी तसाच राहिला की बाईसाहेबांच्या कपाळावर पुन्हा ती आठी येई, आणि शुक्रवारी ब्लेड पुन्हा हातात येई.

बाईसाहेबांचा जीव तर पार हलका झाला होता. त्या गुणगुणत. काजे भराभर होत. “आता गाडी रुळावर आलीय,” असे म्हणून त्यांनी एके दिवशी दुधात बिस्कीट बुडवून पाहिले. ते नळीतून लोण्यासारखे उतरले, दुखले नाही, अडकले नाही. मग रोज एक, मग चार वेळा दोन दोन. मास्तरांना पुडा दिसला तेव्हा ते म्हणाले, “हे चालतं का?”

“झगा सैल होतोय की नाही?”

आहारतज्ज्ञ मुलगी तपासणीला बोलावी, तिलाही बाईसाहेब फोनवर हेच ऐकवीत. “अगं, जिना उतरायचा म्हणजे जीव जातो माझा. आणि झगा सैल होतोय ना? तूच म्हणालीस, कपडा सांगेल. कपडा सांगतोय!” पलीकडची मुलगी हसे, म्हणे, मग छानच आहे काकू, पुढच्या महिन्यात मात्र नक्की या. मास्तर फोनच्या बाजूलाच बसलेले असत.

एवढ्यात आतले कापड संपले. मास्तरांनी तेच राखाडी कापड आणखी आणले आणि बगलेखाली बोटभर रुंदीच्या निमुळत्या पट्टीची एक कळी जोडली. उघड्या डोळ्यांना दिसू नये अशी ती जोडली होती, हे त्यांच्या हातांचे कौतुक म्हणावे की आणखी काही, हे त्यांनी ठरवले नाही.

ती कळी दिसली त्यांच्या लेकीला. ती दुसऱ्या गावी शाळेत शिकवत असे, दोन दिवसांची सुट्टी काढून आली होती, आणि आईचे कपडे इस्त्री करायला म्हणून खाली घेऊन आली होती. मास्तर एक विजार कापत होते. लेकीने झगा उलटा केला, प्रकाशात धरला आणि बगलेची शिवण बोटाने चाचपली.

“बाबा, हे काय आहे?”

“कळी आहे.”

“कळी मलाही कळते. शिंप्याचीच मुलगी आहे मी. इथं कशाला?”

मास्तरांनी कात्री चालूच ठेवली. “हळू बोल. आवाज वर जातो.”

“म्हणजे आई बारीक होतच नाहीये?”

“जेवतेय ती.”

“मी काय विचारतेय?”

“तू नव्हतीस इथं. चार दिवस पाण्यावर होती. केस गळत होते मूठमूठ. तू फोनवर म्हणायचीस, आई काळजी घे. मी घेतली.”

“अशी? आणि तपासणीला जाईल तेव्हा? तिथं कुठली कळी लावणार आहात?”

“तोवर उतरेल.”

“आणि नाही उतरलं तर?”

कात्री थांबली. कापड चुकीचे कापले गेले होते. एवढ्या वर्षांत मास्तरांच्या हातून असे क्वचितच झाले असेल. त्यांनी तो तुकडा बाजूला ठेवला. “तू सांग मग. जा वर, सांग तिला. मी अडवत नाही.”

लेक झगा घेऊन वर गेली. मास्तर जिन्याच्या तोंडाशी कान देऊन उभे राहिले. वरून बाईसाहेबांचा आवाज आला, “काय गं, एवढासा चेहरा का? बघ घालून दाखवते तुला, कसा लोंबतो ते!” थोड्या वेळाने लेकीचा आवाज, जरा जास्तच मोठा, “अगं बाई, खरंच की गं आई!”

मास्तर परत मशीनवर येऊन बसले. आपण एकटे असताना जे ओझे पेलत होतो ते आता दुसऱ्या कोणी धरले, म्हणून हलके वाटायला हवे होते. तसे वाटले नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख आली, ती काही केल्या टळणारी नव्हती. त्या दिवशी आधी वजन, मग आहारतज्ज्ञ, मग गुडघ्यांचा निर्णय. बाईसाहेबांनी सकाळी तोच झगा घातला आणि शेजारचा सुतार खुर्चीत बसवून खाली न्यायला आला तेव्हा त्याला परत पाठवले.

“मला सामानासारखी नका नेऊ. एवढी उतरलेय, आता जिनाही मीच उतरते.”

“हट्ट नको करूस. येताना चढायचंही आहे.”

“येताना गुडघ्यांची तारीख घेऊन येणार आहे मी. उडत चढेन.”

एक एक पायरी, दोन्ही पाय एका पायरीवर, मग पुढची. वळणावर त्या घामाने निथळत उभ्या राहिल्या आणि त्यांनी मास्तरांच्या खांद्यावर टाकलेला भार मास्तरांना जसाच्या तसा ओळखू आला. सांगायचे असेल तर हीच वेळ, असे त्यांच्या मनात आले. तेवढ्यात बाईसाहेब म्हणाल्या, “चला, निम्मं झालं,” आणि पाय पुढे टाकला.

वजनाच्या खोलीबाहेर बाकावर कंडक्टरबाई बसली होती. निम्मी झाली होती ती. गळ्याखालची कातडी मात्र ओघळलेली. “काकू! केवढा फरक हो!” ती चांगुलपणाने म्हणाली. बाईसाहेबांनी उत्तरादाखल कमरेचे कापड चिमटीत धरून ताणून दाखवले.

काटा मोठा होता, जमिनीत बसवलेला. बाईसाहेब त्यावर उभ्या राहिल्या आणि आकडे स्थिर व्हायची वाट न बघता आहारतज्ज्ञ मुलीकडे पाहून हसल्या. मुलगी हसली नाही. तिने पुन्हा एकदा आकड्यांकडे पाहिले.

“काकू, चौथ्या महिन्याला होतं त्यापेक्षा दीड किलो जास्त दिसतंय.”

“काटा बिघडलाय.”

“सकाळीच तपासलाय, काकू.”

“मग चपला.” चपला काढल्या. “मग ही काठी.” काठी मास्तरांच्या हातात आली आणि बाईसाहेब कशाचाही आधार न घेता, हात अंगाशी धरून उभ्या राहिल्या. आकडा हलला, पण ज्याला हलणे म्हणावे इतका नाही. “तू ये गं,” त्यांनी दारातून कंडक्टरबाईला बोलावले. “चढ यावर. तुझं सकाळी किती भरलं?” बाईसाहेब भिंतीला धरून उतरल्या आणि ती बिचारी संकोचत चढली. तिचा आकडा सकाळचाच होता.

“होतं असं, काकू,” ती उतरताना हळूच म्हणाली. “कोणाचं लवकर, कोणाचं...”

“माझंही उतरलंय!” पुन्हा काट्यावर चढलेल्या बाईसाहेबांचा आवाज आता बाहेरच्या बाकांपर्यंत जात होता. “अंगावर पुरावा आहे माझ्या! मास्तर, तुम्ही सांगा यांना. जन्म गेला तुमचा लोकांची मापं घेण्यात. सांगा, हा झगा काय होता आणि काय झालाय.”

सगळे मास्तरांकडे बघू लागले. हातातली काठी त्यांनी उगाच दुसऱ्या हातात घेतली.

“काटा बरोबर आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“झगा मी उसवत होतो.”

कंडक्टरबाई आपल्या पिशवीत काहीतरी शोधू लागली आणि शोधत शोधतच बाहेर गेली. बाईसाहेब काट्यावरून उतरल्या नाहीत. त्यांनी विचारले, तेही अगदी साध्या आवाजात, “कधीपासून?”

“थांबलं तेव्हापासून.”

“दर रविवारी?”

“दर रविवारी नाही. तुझ्या कपाळावर आठी आली की.”

आहारतज्ज्ञ मुलीने दार लावून घेतले आणि बाईसाहेबांना हाताला धरून खुर्चीत बसवले. ती रागावली असती तर मास्तरांना बरे वाटले असते. चूक माझीही आहे, असे ती म्हणाली. फोनवर विश्वास ठेवायला नको होता, म्हणाली. तेव्हाच आला असतात तर रक्त तपासून औषधे बदलता आली असती, खाण्यात काय चुकतेय ते धरता आले असते. “पहिलं वर्ष फार मोलाचं असतं, काकू. या वर्षात शरीर ऐकतं. पुढं ते ऐकेनासं होतं. अजून थोडे महिने आहेत हातात, पण सोपं नाही आता, मी खोटं सांगणार नाही.” शेवटचे शब्द तिने कोणाला उद्देशून म्हटले नव्हते, तरी मास्तरांनी मान खाली घातली. हाडांचे डॉक्टर तर दोन मिनिटांत मोकळे झाले. त्यांनी नव्या एक्स-रे फोटोत गुडघे पाहिले, हाड आणखी झिजलेय म्हणाले, आणि एवढ्या वजनाला आपण हात लावणार नाही, पुढच्या वर्षी बघू, असे सांगून पुढच्या रोग्याला हाक मारली.

घरी परतताना गाडीत बाईसाहेब खिडकीबाहेर बघत होत्या. जिन्यापाशी आल्यावर त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. सकाळच्या उतरण्याने दोन्ही गुडघे सुजून तट्ट झाले होते.

“सुताराला बोलावतो,” मास्तर म्हणाले.

“नको. वर नाही जायचं मला.”

त्या वळल्या आणि भिंतीचा आधार घेत दुकानात शिरल्या. दोन वर्षांनी. कापायच्या टेबलाशी जाऊन त्यांनी दोन्ही हात टेकले, कोपऱ्यातल्या चिंध्या पाहिल्या, दिव्यावरची जळमटे पाहिली.

“केवढी धूळ केलीत.”

“बस ना जरा.”

“बसले की उठता नाही येणार.” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “मी काजं करणारी बाई, मास्तर. बगलेत कळी घातलेली मला कळत नाही होय? कधी उलटा करून बघितलाच नाही मी. दोन वेळा हातात घेतला होता, उलटा करणार होते. नाही केला.”

मास्तरांनी वर पाहिले. बाईसाहेबांच्या तोंडावर राग नव्हता, पण दुसरेही काही नव्हते.

“तुम्ही खोटं शिवलंत, मी खोटं घातलं. आता माप घ्या माझं.”

“आत्ता? उद्या सकाळी शांतपणे...”

“गिऱ्हाईक दारात आल्यावर उद्या म्हणता का? घ्या.”

“दार लोटतो मग.”

“राहू दे उघडं. चोरीचं काम नाही हे.”

मास्तरांनी गळ्यातली फीत काढली. खांदा घेतला, पाठ घेतली, दुकानाच्या शिरस्त्याप्रमाणे एक एक आकडा उच्चारत. बाईसाहेब मांड्या टेबलाच्या कडेला टेकवून, हात वर करून, रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. कमरेपाशी आल्यावर मास्तर त्यांच्या मागे गुडघ्यांवर बसले. फितीचे एक टोक पुढून फिरवून आणायला त्यांना दोन्ही हातांचा वेढा घालावा लागला, आणि तो पुरा व्हावा म्हणून गाल त्यांच्या पाठीला टेकवावा लागला. टोके मिळाली. मास्तरांनी आकडा सांगितला.

“फीत ओढलीत.”

“नाही गं.”

“ओढलीत, मास्तर. रुतलीय मला. सोडा.”

मास्तरांनी आपल्या हाताकडे पाहिले. अंगठा फितीवर घट्ट रोवलेला होता, बोटाची कड पांढरी पडली होती. त्या अंगठ्याला कोणी तसे सांगितले नव्हते. त्यांनी तो सैल केला. फीत त्याच्याखालून सरकत गेली, थांबेल असे वाटले तिथून आणखी पुढे गेली, आणि मग थांबली. मास्तर वाकून बघत राहिले.

“मोठ्यानं.”

त्यांनी मोठ्याने सांगितला. रस्त्यावरून जाणारा एक जण आत बघून पुढे गेला.

“हं,” बाईसाहेब म्हणाल्या. नव्या गिऱ्हाइकाने विचारावे तसे त्यांनी विचारले, “झालं? हात खाली घेऊ?”

मागून फीत सुटली नाही, तेव्हा त्यांनी हात तसेच वर धरून ठेवले.